गेटसाठी साधं कार्ड, एईएस कार्ड की फोनवरचा कोड?

घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरूळची सिडकोची जुनी बिल्डिंग, सोसायटीच्या कमिटीपुढची कोटेशनं फिरून याच तिघांपाशी येतात.

125 किलोहर्ट्झचं साधं कार्ड सर्वांत स्वस्त. रीडरसमोर धरलं की ते आपला नंबर सांगून मोकळं. समोर कोण आहे हे विचारतही नाही. हातात मावणाऱ्या कॉपियरने कोऱ्या टी5577 कार्डावर त्याची नक्कल काही सेकंदांत निघते. ‘मायफेअर क्लासिक हे जुनं स्मार्ट कार्ड घ्या’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका, त्याचं 48 बिटांचं क्रिप्टो-1 हे कूटलेखन 2008 सालीच उघडं पडलंय.

एईएस कार्डांपैकी डेसफायर ईव्ही2 मध्ये 128 बिटांची एईएस (एक भक्कम कूटलेखन पद्धत) किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, असते. रीडर आणि कार्ड एकमेकांना कोडं घालून ओळख पटवतात, किल्ली हवेत येतच नाही. मेख पुढे आहे. बऱ्याचदा कार्ड डेसफायर, पण रीडर नुसता यूआयडी, म्हणजे कार्डाचा उघडा नंबर, वाचतो. म्हणजे पैसे एईएसचे आणि सुरक्षा साध्या कार्डाची! सही करण्याआधी तोच यूआयडी लिहिलेलं दुसरं कार्ड व्हेंडरला लावून दाखवायला सांगा. गेट उघडलं तर कोटेशन परत करा. रीडरपासून कंट्रोलरपर्यंत (गेट उघडणाऱ्या पेटीपर्यंत) वायर विगँड या जुन्या पद्धतीची असेल तर नंबर तिथेही उघडाच जातो, म्हणून ओएसडीपी सिक्युअर चॅनल, म्हणजे कूटबद्ध जोडणी, मागा. नवी कार्डं बनवायला लागणारी मास्टर किल्ली कमिटीच्या ताब्यात हवी. ती व्हेंडरकडे राहिली, तर पुढचं प्रत्येक कार्ड त्याच्याच भावाने घ्यावं लागतं.

कार्ड हरवल्यावर 300 रुपये दंड लावला, तर चार घरची कामं करणारी मावशी ते हरवल्याचं सांगणारच नाही, दुसरीच्या कार्डावर आत येईल. हरवलेलं कार्ड मात्र चालूच. हरवल्याचं कळवणं फुकट ठेवा आणि कार्ड त्याच दिवशी बाद करा.

पाहुण्यांना कोड सोयीचा. पण 4 अंकी कोड 10,000च. एका वेळी 50 चालू असतील आणि फ्लॅट नंबर विचारला जात नसेल, तर 200 अंदाजांत सरासरी एक लागतो. 6 अंक, फ्लॅट नंबरची सक्ती, तीन चुकांनंतर वॉचमन. मेंबरच्या फोनवर येणाऱ्या मंजुरीच्या बटणावर फार विसंबू नका. लोकलला लटकलेला मेंबर न बघताच ‘अलाऊ’ दाबतो.

आमचा कौल: मेंबर आणि मावश्यांना एईएस कार्ड, पाहुण्यांना कोड. बजेट तोकडं असेल, तर साध्या कार्डासोबत वॉचमनच्या केबिनमध्ये कार्डधारकाचा फोटो दाखवणारी स्क्रीन लावा. नक्कल केलेलं कार्ड लागलं तरी फोटो मूळ मालकाचाच दिसतो, आणि समोरचा माणूस वेगळा आहे हे वॉचमनला कळतं.