दोन टीबीची डिस्क, आत चौसष्ट जीबीचं कार्ड

आधीच सांगतो, मी ओटीपी सांगून बसणाऱ्यांतला नाही. वीज तोडण्याचे मेसेज, केवायसीच्या लिंका, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडल्याचे फोन, सगळं ठाऊक आहे. सोसायटीच्या ग्रुपवर बाकीच्यांना सावध करणारा मीच. म्हणूनच तर ऑनलाइन न मागवता नाशिकमध्ये एमजी रोडच्या आसपासच्या एका गल्लीत, दुकानात उभं राहून, डिस्क हातात घेऊन खरेदी केली. आणि तरीही ४,८५० रुपयांना गंडवला गेलो. पैशाचं एक वेळ सोडा. २०१२ नंतरचे जवळजवळ सगळे फोटो गेले, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

फोटो म्हणजे फक्त वाढदिवसाचे केक नव्हेत. २००४ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचा साठा. २९ ऑगस्ट २०१५ चं कुंभमेळ्यातलं पहिलं शाही स्नान, पहाटे जाऊन जागा धरून काढलेलं. २ ऑगस्ट २०१६ चा गोदावरीचा पूर, दुतोंड्या मारुतीपाशी चढत गेलेलं पाणी, सराफ बाजारात शिरलेलं पाणी. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. लेकीचं लग्न. आईची शेवटची वर्षं. सगळं मिळून ६४० जीबी, घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या एक टीबीच्या, म्हणजे साधारण हजार जीबीच्या डिस्कवर. कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, लेकीने लॅपटॉप घेऊन दिला, त्यात एवढं मावेना. म्हणून बाहेरून जोडायची डिस्क हवी होती.

दुकानातला पोरगा गोड बोलणारा. "काका, हार्ड डिस्कचा जमाना गेला. ही एसएसडी घ्या, हातातून पडली तरी फोटो सेफ." एसएसडी म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. बॉक्सवर सगळ्यांना माहीत असलेल्या कंपनीचं नाव, वर चकचकीत होलोग्राम. किंमत सांगितली ५,४५०. घासाघीस करून ४,८५० वर आणली आणि यूपीआयने दिले. वर १५० रुपयांचं कव्हर, रोख. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर, म्हणजे ८७३ रुपये जास्त. घेतली मग साधी चिठ्ठी, "२ टीबी एसएसडी, १ नग, ४८५०" आणि खाली न वाचता येणारा शिक्का. आता सगळे मला शहाणपण शिकवतात की पक्कं बिल घ्यायचं. तुम्ही चार्जर घेताना घेता का? केबल घेताना? ग्राहकाला बिल देणं ही दुकानदाराची जबाबदारी, ती किमतीवर बोली लावून विकायची वस्तू नाही, हे त्याला विचारायचं सोडून सगळे मलाच विचारतात.

भाव ऐकूनच कळायला हवं होतं, असं भाचा म्हणतो. त्या कंपनीची खरी दोन टीबीची एसएसडी याच्या दुपटीहून जास्त किमतीला मिळते म्हणे. मिळत असेल. पण दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीच्या पाट्या मोठमोठ्या दुकानांवरही लागतात, तेव्हा कुणी पोलिसांत जातं का?

ज्या क्षणाचा मला खरा राग येतो तो दुकानातला नाही, घरातला आहे. डिस्क जोडली. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन पट्ट्या आल्या. जुनी एक टीबीची डिस्क : ९३१ जीबी. नवी : २.०० टीबी. पूर्ण. एक कण कमी नाही. आणि मी काय म्हणालो असेन? बायकोला हाक मारून म्हणालो, "बघ, जुन्या कंपनीने तेव्हा माप मारलं होतं, हे लोक पुरेपूर देतात!"

खऱ्या दोन टीबीच्या डिस्कवर विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसतं. कंपन्या एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा नेहमी कमीच दिसतो. एक टीबीची ९३१ जीबी दिसणं हीच खरेपणाची खूण होती, आणि ती माझ्या नाकासमोर होती. पूर्ण २.०० दिसणारी डिस्क पाहून आनंद नाही, घाम फुटायला हवा. पण हे कुठल्या बॉक्सवर लिहिलेलं असतं? भाच्याला माहीत होतं, त्याने नंतर सांगितलं, "मामा, मला एक फोटो जरी पाठवला असता स्क्रीनचा." नंतर सगळेच सांगतात.

दुसरी खूण म्हणजे वेग. सेकंदाला वीस-बावीस एमबी. खरी एसएसडी चांगल्या पोर्टवर चारशेच्या वर सहज जाते. पण माझ्या कॉम्प्युटरला जुने यूएसबी २ चे पोर्ट, त्यावर कुठलीही डिस्क तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. मग दोष मी कॉम्प्युटरलाच दिला. कोण देणार नाही?

कॉपी करताना मी माझ्या सवयीने आधी वर्षवार रिकामे फोल्डर केले आणि मग एकेक भरत गेलो. या नीटनेटकेपणाचाच घात झाला. या बनावट डिस्कमधला कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, कॉम्प्युटरला खोटं सांगतो की माझ्याकडे दोन टीबी जागा आहे. कॉम्प्युटर लिहित जातो. खरी जागा संपली की पुढचं सगळं नुसतं टाकून दिलं जातं, आणि एरर मात्र येत नाही. काही डिस्क तर फिरून सुरुवातीपासून जुन्यावरच लिहितात. माझे फोल्डर आधीच केलेले असल्यामुळे फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत सुखरूप बसली होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज ६.२ एमबी. आत काही नाही.

आणि हो, मी तपासलं होतं! २००४ उघडलं, २००६ उघडलं, २००८ मधला सप्तशृंगीचा फोटो मोठा करून पाहिला. सगळं लख्ख. तपासायचं तर शेवटून तपासा. शेवटचा फोल्डर, मधला फोल्डर, मोठे व्हिडिओ. आणि कॉम्प्युटर बंद करून, डिस्क काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून. नुकतंच कॉपी केलेलं त्याच कॉम्प्युटरच्या मेमरीतून दिसू शकतं, ते डिस्कवर आहेच असं नाही.

मग जुन्या डिस्कचं काय केलं, हा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राची, डीव्हीआरची, डिस्क उडाली होती, सेक्रेटरी रोज विचारत होते. दिली. डीव्हीआरने ती फॉरमॅट केली आणि चार कॅमेरे रात्रंदिवस तिच्यावर लिहायला लागले. आज शाही स्नानाच्या जागी आमच्या पार्किंगमधल्या स्कूटर आहेत.

कळलं कधी? आईच्या वर्षश्राद्धाला फ्रेम करायची म्हणून लेकीने २०१७ चा एक फोटो मागितला. फाइल उघडत नाही. पुढची नाही. त्याच्या पुढची वर अर्धी पट्टी, खाली सगळं राखाडी. मग २०१८, २०१९. रात्री भाच्याला बोलावलं. त्याने एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्रॅम चालवला. हा डिस्क भरून लिहितो आणि परत वाचून किती खरं ते सांगतो. त्यासाठी आधी शाबूत राहिलेले २००४ ते २०११ चे फोटो लॅपटॉपवर काढून घेतले. दोन टीबीला त्याला दिवस लागतात, पण उत्तर पक्कं मिळतं : ५८ जीबी ठीक, बाकी हरवलेलं. मॅक किंवा लिनक्स असेल तर त्याच कामाचा एफ३ आहे, आणि घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह, तो जागोजागी नमुने तपासून काही मिनिटांत सांगतो. हे सगळं डिस्क घेतल्याच्या दिवशी, एकही फोटो टाकण्याआधी करायचं असतं.

मग भाच्याने नखाने डबी उघडली. स्क्रू नव्हतेच. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यात मोबाइलमध्ये घालतो तसलं एक मायक्रोएसडी कार्ड, आणि बाजूला ग्लू गनने चिकटवलेला लोखंडी तुकडा. हाताला वजन लागावं म्हणून! दुकानात मी डिस्क हातात तोलून म्हणालो होतो, चांगली भक्कम आहे.

दुकानात गेलो तर पोरगा आता "काका" म्हणेना. "साहेब, तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल." मग डबी पाहून, "सील तोडलंत, वॉरंटी गेली." शेवटी मालक आला आणि २,००० रुपये देतो म्हणाला, अट एकच, ती चिठ्ठी परत द्यायची आणि तक्रार नाही असं लिहून द्यायचं. नाही दिली. देऊ नका. चिठ्ठी घरी ठेवून फोटोकॉपीच घेऊन जा.

ज्या कंपनीचं नाव बॉक्सवर होतं तिच्या सर्व्हिस सेंटरने सिरियल नंबर टाकून पाहिला आणि "ही आमची नाही" म्हणून डिस्क परत केली. तुमच्या नावाने शहरात बनावट माल विकला जातोय, लिहून तरी घ्या म्हटलं. "ते आमच्या लीगलकडे मेल करा." मेल केला. अजून उत्तर नाही.

पोलीस चौकीत तर कमालच. आधी विचारलं, चोरी झाली का. नाही म्हटल्यावर ऑनलाइन फ्रॉड का. दुकानातून घेतली म्हटल्यावर साहेबांचा चेहरा सैल पडला. "मग हे ग्राहकाचं मॅटर आहे काका, समजुतीने घ्या." मी म्हटलं, खोटी वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, शिवाय दुसऱ्याच्या ट्रेडमार्कची नक्कल आहे. त्यावर, "तुम्ही वकील का?" मग नुकसान किती विचारलं. ४,८५० म्हटलं. "आणि फोटो?" फोटोची किंमत काय सांगू? "फोटोच ना? मोबाइलमध्ये असतील की!" बाजूच्या हवालदाराने मान डोलावली. मोबाइलमध्ये आहेत, व्हॉट्सअ‍ॅपने चेपून पार चोथा केलेले, तेवढेच. तक्रार अर्जावर पोच द्यायलासुद्धा "साहेब आले की" चालू होतं. चौकी घेत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने थेट वरिष्ठांना पाठवता येतो, कायद्यात सोय आहे, नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तांच्या नावे जातो. ही सोय चौकीतल्या एकाही माणसाने मला सांगितली नाही.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत, आम्ही काही करू शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं, पण सांगायची तऱ्हा अशी की जणू मीच त्यांना लुटायला आलोय. १९३० हा ऑनलाइन पैसे लंपास झाले तर त्या क्षणी फिरवायचा नंबर, खोट्या मालासाठी त्यावर वेळ घालवू नका. अशा मालासाठी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते दुकानदाराला कळवतात, तो बधला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागतोच असं नाही, आणि दुकान दुसऱ्या गावचं असलं तरी आपण राहतो तिथेच दावा लावता येतो. अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरतात. तिथे दुकानदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि बिल लागतं. ८७३ रुपये मला तिथे आठवले. शेवटी यूपीआयच्या पावतीवरच्या खात्याच्या नावावर काम भागवलं. रोख दिले असते तर तेही नसतं.

रिकव्हरीवाल्याकडे गेलो, डीव्हीआरची डिस्क काढून. तपासणीचे जीएसटीसह १,७७० घेतले आणि सांगितलं, ज्यावर रेकॉर्डिंग झालंय ते गेलं, उरलेल्या कोपऱ्यांतून निघाले तर निघाले, २८,००० होतील, खात्री नाही. नको म्हटलं. मायक्रोएसडीतून काढायचा प्रश्नच नाही, कारण तिथे ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. कुणी "त्या डिस्कमधूनच काढून देतो" म्हणालं तर तो दुसरा चोर समजा.

आता अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, दोन टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घेतल्यात. एकीचे ६,२९९, दोन्हींचे १२,५९८. दोन्हींवर १.८१ दिसतं. एक घरी, एक नाशिकरोडला बहिणीकडे. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम असा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायला एसएसडी तशीही बरी नाही, वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला चार्ज ओसरतो. क्लाउड घ्या, पण फुकटावर विसंबू नका : गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, फुकट मिळते ती १५ जीबी, त्यात मेलही आले. शिवाय मोबाइलशी सिंक असलेल्या ठिकाणी इकडे डिलीट केलं की तिकडेही जातं. आणि पाच वर्षांची वॉरंटी पाहून हुरळू नका, वॉरंटीत डबी बदलून मिळते, फोटो मिळत नाहीत.

बॉक्सवर एमआरपी आणि उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता नसेल तर तिथल्या तिथे परत ठेवा. माझ्या बॉक्सवर होलोग्राम होता, पत्ता नव्हता.

आयोगाची नोटीस एकदा "पत्ता अपूर्ण" म्हणून परत आली, आता दुकानाच्या पाटीचा फोटो जोडून पुन्हा पाठवली आहे. दुकान चालू आहे, काचेत तेच बॉक्स मांडलेले आहेत, भाव ४,९९९ झालाय. नाशकात कुणाला असाच माल मिळाला असेल तर डबी, कार्ड, बॉक्स, चिठ्ठी काही फेकू नका, आणि २,००० घेऊन गप्प बसू नका.