उपकारस्तुतीच्या जेवणाचे केटरर: पाचात चार स्टार

आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. गगनबावडा, करूळ घाट. पावसाळ्यात धुक्यानं पुढचं वळण दिसत नाही, तिथं अख्खी नोकरी काढली आणि एक अपघात नाही. आम्ही ख्रिस्ती; रिटायर झाले की घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, प्रार्थना ठेवायची, हे आमच्यात केव्हाचं ठरलेलं. त्या रविवारचं मटणाचं जेवण या केटररना दिलं होतं.

ठरवायला गेले तर पहिलाच प्रश्न, "काकी, तुमच्यात कांदालसूण चटणी चालते न्हवं?" अहो, ख्रिस्ती म्हणून काय जेवण वेगळं असतं? वाइल्डर मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले! पिढ्यान्‌पिढ्या आमच्याही घरात तांबडा-पांढराच शिजतोय. पण माणूस सरळ. मी सांगितलं, घड्याळ बघायचं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला की मगच वाढप. त्यांनी मान डोलावली आणि शब्द पाळला.

प्रार्थना लांबलीच. यांची साक्ष, म्हणजे देवानं कसं सांभाळलं ते सांगणं, सुरू झाली आणि संपेना. घाटात ब्रेक लागेना झालेला तो प्रसंग मला घरात कधी सांगितला नव्हता, तो पाहुण्यांबरोबर मीही तिथंच ऐकला. नंतर 103 वं स्तोत्र वाचायला घेतलं, "त्याचे सर्व उपकार विसरू नको", तशी अंगणातली भाकरीची थापथाप आपोआप बंद. कुणी सांगायला गेलं नव्हतं. पांढऱ्या रश्श्याचं तर कौतुकच. उशीर होतोय बघून आचाऱ्यानं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नुसतं गरम ठेवलं, नारळाचं दूध घातलंच नाही. आमेन ऐकू आलं तेव्हा दूध घातलं, मंद आचेवर ढवळलं. रस्सा फुटला नाही. पाहुण्यांनी वाट्यावर वाट्या मागितल्या. सुकं मटण मऊ, मसाला खोबऱ्याचा, चांगला भाजलेला.

आता एक स्टार का कापला ते. तांबडा लहान पोरांना झेपणारा नव्हता, थोडा सौम्य वेगळा काढा म्हणून आधी सांगूनही काढला नाही. चपात्या गार आणि वातड. शेजारच्या माळकरी आजींसाठी अख्खा मसूर होता, वेगळं पातेलं, वेगळा डाव, हे सगळं नीट केलं, पण मसूर खारट. आजी काही बोलल्या नाहीत, दही मागून घेतलं.

पाळकसाहेबांनी संदेशात बायबलातल्या लेवीय 7 मधलं सांगितलं होतं, की उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. एकट्या घरानं ते संपायचं कसं, चार माणसं बोलवावीच लागतात. ते आचाऱ्यानं बाहेर उभं राहून ऐकलं असणार. कारण आवराआवर करताना उरलेलं मटण आमच्या फ्रीजमध्ये ठेवू का, असं न विचारता "काकी, हे कुठं पोचवायचं?" असं विचारलं. यांनी लगेच स्टँडवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या विश्रांतीगृहाचं नाव काढलं. पोरानं मोटारसायकलवरून डबे नेले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दर बाजारात आहे तोच. भांडी घासून देतात. नाताळाच्या आठवड्यात पाहिजे असतील तर दिवाळीतच सांगून ठेवा, आणि पोरांचा रस्सा तेवढा कागदावर लिहून द्या.