मेंढरं कोंडायची नायलॉनची वाघर, घ्यावी का नाही

लोणंदच्या बाजारात एका दुकानातनं नायलॉनची तयार वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, घेतली होती, दिवाळीनंतर कोकणात उतरून आता परत देशावर आलोय, म्हणजे चांगली वापरून झालीय म्हणून लिहितोय.

आधीची सुताची दवानं भिजली की घोड्यावर लादायला दोन माणसं लागायची, शिवाय पावसाळ्यात कुजायची ते वेगळंच. ही झटकली की कोरडी, पहाटे वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, हलवताना घरातली बाई एकटी गुंडाळून टाकते. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं असेल तर सपाट वावरात काही टेन्शन नाही, मेखा ठोका आणि पडा निवांत. खरी गंमत डोंगराच्या उताराला. मुरमात मेख जात नाही, आणि रात्री मेंढरं बुजली की सगळा रेटा खालच्या अंगाला येतो, मग जाळी फुगून मेखेसकट उपसून येते. म्हणून खालच्या बाजूला मेखा जवळजवळ घ्यायच्या आणि बुडाला मोठे दगड लावायचे, त्यानं खालची फट पण बुजते. दुकानवाल्यानं काठाला ओवून दिलेली दोरी मात्र अगदीच फालतू निघाली, पातळ आणि गाठ सरकणारी, ती काढून मी जाड दोरी ओवली तेव्हा कुठं जाळीला ताण बसला.

भोकं मोठी आहेत. मोठ्या मेंढ्यांना चालतंय पण कोकरं आरामात बाहेर, आणि शिंगाळ्या मेंढ्याची शिंगं अडकली की सोडवता सोडवता जीव जातो. कोकरांना बारीक भोकाची वेगळी जाळी घ्याच. ज्यांच्याकडं फलटणची नारी सुवर्णा जातीची मेंढरं आहेत त्यांना तर जुळी जास्त, त्यांनी आधी बारीकच बघावी.

आणि हो, "लांडगा आत येत नाही" असं दुकानवाला सांगत होता, ती निव्वळ थाप. वाघर मेंढरं आत ठेवायला असते, लांडगा बाहेर ठेवायला कुत्रीच लागतात, आणि बिबट्या तर वरनं उडीच मारतो. जुन्नरकडच्या लोकांना हे सांगायला नको. रात्री एक माणूस जागा पाहिजेच.

भाव वजनावर लावतात, तेव्हा काटा स्वतः बघा आणि दोन-चार गाठी ओढून बघा, सरकली तर दुसरी मागा. उन्हात विनाकारण पसरून ठेवू नका, धागा कडक होऊन तुटतो. पाचातले साडेतीन, अर्धा त्या दोरीपायी कापला.