डाफ्नियाचं 'बायबॅक' किट घेण्याआधी हे वाचा

सांगली, मिरज, कुपवाड भागात सध्या मोबाईलवर एक जाहिरात फिरतेय : 'घरबसल्या डाफ्निया पालन, गच्चीवर चार टब, माल आम्हीच उचलणार.' ते किट मी घेतलं होतं, १६,५०० रुपयांना. विश्रामबागच्या एका हॉलमध्ये माझ्याबरोबर बसलेल्या आणखी बऱ्याच जणांनी घेतलं. पैसे गेले ते गेलेच, पण ते ज्या सफाईने काढून घेतले ती सफाई समजून घेण्यासारखी आहे. या लोकांनी आम्हाला निव्वळ खोटं फार कमी सांगितलं. डाफ्नियाबद्दल ते जे बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या आडच सगळा खेळ झाला.

ज्यांना मासे पाळायचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डाफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला, झिंगे-खेकड्यांच्या कुळातला बारीक जीव. मॅग्ना जातीची मादी वाढून चार-पाच मिलिमीटरची होते. मोइना हा त्याचा भाऊबंद जेमतेम मिलिमीटरभर, पण ऊन जास्त सोसतो. गप्पी, फायटर, मॉली या माशांच्या पिल्लांना हे जिवंत खाणं मिळालं की ती भराभर अंगाला लागतात. पाणी मानवलं की माद्या नराशिवायच पिल्लं देतात. मोइनाची मादी तर उबदार पाण्यात चार-पाच दिवसांत पिल्लं द्यायला लागते. एकदा कल्चर, म्हणजे टबातली त्यांची वाढती वस्ती, बसलं की वाटीभरातून टब भरतो. म्हणूनच शौकिनांमध्ये हा माल विकत कमी आणि मागून जास्त मिळतो.

मग जो जीव आपोआप वाढतो तो महाग विकून धंदा किती दिवस चालणार? हॉलमध्ये एका वयस्कर गृहस्थांनी हे विचारलंही. स्टेजवरून उत्तर आलं, "काका, म्हणूनच तर आम्ही तो परत विकत घेतोय!" टाळ्या पडल्या. २०१९ साली वाळवा तालुक्यातून उठलेलं, अशाच परतखरेदीच्या आमिषाचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण ज्या जिल्ह्याने पाहिलं, तिथे 'माल आम्हीच उचलणार' या वाक्याला टाळ्या पडाव्यात याचं मला अजून नवल वाटतं. पण कोंबडी निदान दिसते तरी. ती कडकनाथ आहे की गावरान हे बघणारा सांगतो. इथे माल बाटलीत उजेडाला धरला तरी हलणारे ठिपके दिसतात, एवढंच.

किटमध्ये पन्नास लिटरचे चार निळे टब, एक एअर पंप, नळी, 'शंभराहून जास्त जिवंत डाफ्निया मॅग्ना' असं लेबल लावलेली लिटरभराची बाटली, 'मदर एग्ज' नावाची पाच ग्रॅमची पुडी आणि 'ग्रोथ पावडर'चा डबा. शिवाय पाचशेच्या स्टॅम्पवर करार. कराराकडे नंतर येतो.

बाटलीतले ठिपके टबात सोडले, काही दिवस ते हलताना दिसले, मग पाणी गढूळ झालं, वास सुटला आणि सगळं शांत. फोन केला. त्यांचा 'टेक्निकल' मुलगा फार गोड बोलायचा. "सर, कॉर्पोरेशनचं पाणी वापरलंत ना? मग क्लोरीनने मेले." आता हे खरं आहे. क्लोरीन डाफ्नियाला मारतोच. नळाचं पाणी निदान दिवसभर उघडं ठेवून, हलवून मग वापरायचं असतं. ते मी केलं होतं. मग म्हणाला, "गच्चीवर ऊन लागलं असेल." हेही खरं. मॅग्नाला विशी-बाविशीतलं पाणी आवडतं, तिशीच्या वर तो टिकणं अवघड, आणि एप्रिलात आमच्या गच्चीवरचा टब दुपारी हात घालवत नाही इतका तापतो. टब जिन्याखाली आणले. पुढचं कारण, "खाणं जास्त पडलं." मग "पंपाचे बुडबुडे बारीक होते, ते अंगाला चिकटतात." तेही खरं, बारीक बुडबुडे डाफ्नियाच्या कवचात अडकतात आणि तो पाण्यावर तरंगून मरतो. प्रत्येक कारणानंतर नवीन बाटली, साडेतीनशे रुपये. "स्टार्टर बदलून देतो, फक्त कुरिअर आणि पॅकिंग भरा, सर." साडेतीनशेला फार काही वाटत नाही, हेच त्यांना माहीत होतं.

एकदाच तो घसरला. मी म्हटलं, आता बोअरचं पाणी घेतलंय. म्हणाला, "बोअरचं पाणी हार्ड असतं सर, हार्ड पाण्यात डाफ्निया वाढतच नाही." हे मात्र साफ चूक. त्या जिवाला कवच करायला कॅल्शियम लागतो. मऊ पाण्यापेक्षा मध्यम जड पाणीच त्याला मानवतं. माझी शंका तिथे पक्की झाली.

माझी भाची विलिंग्डन कॉलेजला प्राणिशास्त्र शिकते. तिला बाटली दिली. तिने एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावलं. थेंबात निमुळत्या शेपटीचा एक जीव झटके देत फिरत होता. डोक्यावर मधोमध एकच लाल डोळा आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या. "मामा, हा सायक्लॉप्स आहे. डाफ्नियाची मादी अंडी पाठीत, आत ठेवते, अशी बाहेर लटकवत नाही." दुसऱ्या थेंबात मुगाच्या डाळीसारखे दोन शिंपल्यांचे जीव काचेच्या तळाशी धावत होते. ते ऑस्ट्राकॉड. पूर्ण बाटलीत एकही डाफ्निया नव्हता, मॅग्ना तर सोडाच. नंतर ती हरिपूर रस्त्यावरच्या एका न वापरत्या विहिरीतून बाटली भरून घेऊन आली. त्यात हेच दोन्ही. साडेतीनशे रुपये कशाचे घेतले जात होते ते कळलं.

सायक्लॉप्स म्हणजे विष नव्हे. मोठे मासे तो खातात, पण अगदी नवजात पिल्लांना तोच छळतो. जुन्या माणसांना नारू आठवत असेल, त्याचा जंत माणसात यायचा तो याच जिवातून, विहिरी-पायविहिरींच्या पाण्यावाटे. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, तेव्हा ती भीती आता नाही. पण डाफ्निया म्हणून विकायचा हा माल नव्हे.

'मदर एग्ज'ची पुडी उघडली तर आत तपकिरी, रव्याहून बारीक भुकटी. डाफ्नियाची टिकाऊ अंडी अशी नसतात. ती गडद रंगाच्या, खोगिरासारख्या छोट्या कवचात असतात, एका कवचात बहुधा दोन. भाचीने लिटरभर पाण्यात तीसेक ग्रॅम मीठ टाकून, हवा लावून चिमूटभर भुकटी त्यात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत केशरी ठिपक्यांची वर्दळ. म्हणजे ही आर्टेमियाची, खारट पाण्यातल्या बारीक जिवाची अंडी. फिश टँकच्या दुकानात ती आर्टेमिया याच नावाने मिळतात. किटमधल्या छापील सूचनेप्रमाणे गोड्या पाण्याच्या टबात टाकली असती तर त्यातून काही टिकणारं निघणार नव्हतं, फक्त पाणी नासलं असतं. ज्यांनी टाकली त्यांचं तसंच झालं.

आणि ती ग्रोथ पावडर! झाकण काढल्यावर बेकरीचा वास. ड्राय यीस्ट, त्यात थोडी हिरवी पूड. यीस्टवर डाफ्निया वाढतो, यात खोटं काही नाही. पण यीस्ट पाण्यात कालवून इतकंच घालायचं असतं की पाणी किंचित दुधाळ व्हावं आणि दिवसभरात पुन्हा निवळावं. डब्यावर छापलं होतं 'रोज प्रत्येक टबात दोन चमचे'. तेवढ्याने पन्नास लिटर पाण्यातला प्राणवायू रातोरात संपतो. बाटलीत खरा डाफ्निया असता तरी तो या डब्याने मारलाच असता, आणि फोनवर कारण तयार होतं : खाणं जास्त पडलं.

आता करार. खरेदीचा दर किलोला दोन हजार रुपये, ठळक अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात तीन अटी : माल जिवंत हवा, एका वेळी किमान एक किलो हवा, आणि 'कंपनीच्या मानकात' बसायला हवा. मधली अट वाचायला साधी वाटते. चांगलं चालणारं कल्चरसुद्धा हजार लिटरमागे रोज शंभर ग्रॅमच्या आसपास माल देतं, आणि रोज पाव हिश्श्याहून जास्त काढलं तर ते कोसळतं. किटमधलं पाणी सगळं मिळून दोनशे लिटर. म्हणजे सगळं जमून आलं तरी रोज वीसेक ग्रॅम. किलो व्हायला पन्नास दिवस. तोवर काढलेला माल जिवंत ठेवायचा कुठे? फ्रीजमध्ये गोठवून चालत नाही, करारात तसं लिहिलंय. दोनशे लिटरवर किलोभर जिवंत डाफ्निया कुणालाही, कधीही देता येणार नाही, आणि हे लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. हॉलमध्ये दोन बचत गटांच्या बायका होत्या. त्यांनी चार-चार किटं घेतली. त्यांच्यातल्या एका ताईंनी कसाबसा थोडा माल केला, कुठूनतरी खरा मोइना मिळवून. तो 'मॅग्ना नाही' म्हणून परत पाठवला. ज्यांनी स्वतः सायक्लॉप्स विकला त्यांनी.

करारात आमचा उल्लेख 'व्यवसाय भागीदार' असा आहे आणि न्यायक्षेत्र दुसऱ्या शहराचं. हे दोन्ही शब्द घाबरवण्यासाठी आहेत. वकिलाने सांगितलेलं लिहितो : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, निव्वळ पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी खरेदीत धरत नाहीत. आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, करारात कुठलंही शहर असू दे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

कुणी डाफ्निया विकायला आला तर पैसे देण्याआधी बाटली पारदर्शक ग्लासात ओतायला लावा, मागे पांढरा कागद धरा आणि भिंग लावा. डाफ्निया उभा राहून लहान-लहान उसळ्या मारत वर चढतो आणि हळूच खाली येतो. अंग काचेसारखं, एकच काळा डोळा, खाणं पोटात असलं तर आतून जाणारी हिरवी रेघ दिसते, आणि भरलेल्या मादीच्या पाठीत अंडी किंवा पिल्लं. जो तीरासारखा झटका देऊन नाहीसा होतो तो सायक्लॉप्स. जो काचेवरून, तळावरून धावतो तो ऑस्ट्राकॉड. विकणारा भिंग बघून घाई करायला लागला तर बाटली तिथेच ठेवा. आणि सांगलीत उन्हाळ्यात मॅग्नाचाच आग्रह धरणाऱ्यापासून जपून, इथे मोइना बरा. माझ्याकडे सध्या मोइनाच आहे, मिरजेच्या एका मासेवाल्या मामांनी दिलेला, फुकट. वर म्हणाले, "तुझं बसलं की दुसऱ्याला दे."

मोबाईलवरून पैसे पाठवून फसला असाल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्यात जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. ग्राहक म्हणून सल्ला हवा असेल तर १९१५. मी दोन्हीकडे नोंद केलीय आणि आता आयोगात कागद जातोय. तो जातोय हे कळल्यावर मला चार हजार परत द्यायची तयारी दाखवली गेली, 'माल समाधानकारक मिळाला' या कागदावर सही केली तर. केली नाही.

हॉलमध्ये बसलेल्या इतरांना एवढंच : बाटली, पुडी, डबा, पाकिटावरचं कुरिअरचं लेबल, फोनवरचे संदेश, यातलं काही टाकून देऊ नका. एकाच कारणाने फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते. बचत गटाच्या ताई तयार आहेत. करारावर ज्यांची सही त्यांनीच तक्रारीत यायचं, आणि मूळ कागद आणायचा, झेरॉक्स नको.