ग्लॅडिओलससाठी कॅल्शियम घेतलं, १७,८०० रुपयांचा खडू निघाला

इंदूरजवळ राऊच्या पुढे आमचा अर्धा एकर ग्लॅडिओलस आहे. जानेवारीत आठवडाभर ढग आणि धुकं होतं. दांडे फुलांच्या जरा खालीच पाणचट होऊन माना टाकायला लागले. मी फोटो पाठवल्यावर एका खत विकणाऱ्या माणसाने लगेच सांगितलं, हा रोग नाही, कॅल्शियम कमी पडतंय. दमट हवेत पानांतून पाणी उडत नाही, मग पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचत नाही. अगदी बरोबर होतं ते! म्हणूनच मी फसलो.

त्याने विकलं ‘चिलेटेड कॅल्शियम’, म्हणजे पिकाला सहज घेता येईल अशा रूपात बांधलेलं, २५ किलोचं पोतं ४,३०० रुपयांना. चार पोत्यांचे १७,२०० आणि टेम्पोचे ६००. पैसे फोनवरून, कुणाच्या तरी खासगी खात्यात. बिल ‘मागून पाठवतो’. बिलाशिवाय एक पोतंही उतरवून घेऊ नका.

खरं कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं कॅल्शियमचं नेहमीचं खत, बादलीत टाकलं की पाणी गार पडतं. वीस वर्षं मी ते हातानेच कालवतोय. त्या सकाळी कोपरापर्यंत हात घातला, पाणी होतं तसंच. वर दुधासारखं पांढरं, दहा मिनिटांत तळाशी जाड साका. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलंही होतं! पण फेब्रुवारीच्या लग्नांची २,००० दांड्यांची ऑर्डर डोक्यावर होती, वाटलं चिलेटेड असंच असेल. ढवळून ड्रिपला सोडलं. फिल्टर तुंबले, नळ्या तुंबल्या. संध्याकाळी बायकोने चिमूटभर पुडीवर लिंबू पिळलं आणि ते फसफसलं, म्हणजे खडूच. हे आधी करा, दोन मिनिटं लागतात.

त्याला फोन केला तर म्हणे, ‘तुम्ही फॉस्फेट मिसळलं असेल.’ फॉस्फेट किंवा सल्फेटबरोबर खरं कॅल्शियमही साका धरतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या बादलीत नुसतं बोअरचं पाणी होतं. मग नंबर बंद.

ऑर्डरीतले ६४० दांडेच देऊ शकलो.

कृषीच्या कार्यालयात गेलो तर ‘उघडं पोतं चालत नाही’. ३०० रुपये भाडं भरून शिवलेलं नेलं, तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, फॉर्म एमवरचं, म्हणजे खतविक्रीच्या ठरलेल्या नमुन्यातलं, बिल दाखवा. अहो, बिल असतं तर दुकानदारच धरला असता! चौकीत म्हणाले, हा खताचा विषय, आमचा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथेही बिलच मागितलं. चोर मोकळा आणि फेऱ्या मी मारतोय.

पोत्यावर हिरवा ठसा आणि फक्त मोबाइल नंबर आहे, कारखान्याचा पत्ता नाही. तसलं पोतं कुणाकडे आलं असेल तर शिवण उसवू नका. माझी तीन तशीच ठेवली आहेत, तक्रार एकत्र देऊ.