फ्रान्सच्या खेड्यात मुक्काम: जुनं घरगुती हॉटेल, शांब्र दोत की झीत?

‘आज हॉटेलात जाऊ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पलंग येत नाही, मिसळ नाहीतर डोसा येतो. राहायचं ते लॉजवर. शिकल्यासवरल्यांनी या वापराला कितीही हसावं, फ्रान्सच्या खेड्यात तो तंतोतंत लागू पडतो. तिथलं पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेलं हॉटेल म्हणजे खाली जेवणघर आणि वर दहा-पंधरा खोल्या. मालक बहुधा स्वतः चुलीपाशी, मालकीणबाई काउंटरवर, आणि रात्रीचं जेवण हा त्या घराचा खरा धंदा. तेव्हा खोलीचे फोटो बघण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: रात्री आपण तिथे जेवणार आहोत का?

मी लिहितेय ते दोर्दोन्य नदीच्या खोऱ्याबद्दल, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोरबद्दल. सार्लाचं मध्ययुगीन गाव, बेनाकचा किल्ला, लास्कोची गुहाचित्रं हे सगळं तासाभराच्या अंतरात. पहिल्या खेपेला आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या खेपेला सासूबाई आणि दोन्ही मुलं होती. तिन्ही प्रकारांत राहून झालं, आणि एकदा निवड साफ चुकली.

आधी कोण काय आहे ते. जुनं हॉटेल कळलंच. अशी बरीच हॉटेलं ‘लोजी’ या संघटनेत असतात. ती 1949 पासून आहे आणि पाटीवरच्या शेकोटीच्या चिन्हावरून ओळखू येते. शांब्र दोत म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातल्या खोल्या. कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे, आणि न्याहारी भाड्यातच धरलेली असलीच पाहिजे. आपल्या कोकणातल्या घरगुती राहण्याच्या सोयीच्या जवळचं. झीत म्हणजे स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने, सहसा आठवड्यासाठी. चौथा पर्याय हमरस्त्याला लागून असलेल्या साखळी हॉटेलांचा. रात्री अकराला पोहोचणार असाल तर पहिली रात्र तिथे काढा, बाकी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

इमारतीचा इतिहास हा जुन्या हॉटेलचा मोठा ओढा, आणि त्रासाचंही मूळ तेच. यातली कित्येक मुळात टपालाच्या घोड्यांचे थांबे होती. फ्रान्समध्ये ही व्यवस्था पंधराव्या शतकात अकराव्या लुईने उभी केली. घोडे बदलायचे, प्रवाशांनी जेवायचं, गरज पडली तर झोपायचं. रेल्वे आल्यावर तिचं काम संपलं आणि 1873 मध्ये ती अधिकृतपणे बंद झाली. थांब्यांचं हॉटेल झालं, तबेल्याचं गॅरेज झालं. दारात बग्गी आत जाईल एवढी कमान दिसली, तर समजा की घर त्यातलं आहे. अशी घरं बहुतेकदा गावच्या जुन्या चर्चला किंवा किल्ल्याला खेटून असतात. संरक्षित वास्तूपासून पाचशे मीटरच्या आत बाहेरून काहीही बदलायचं तर सरकारी वास्तुरचनाकाराची संमती लागते. म्हणून दर्शनी भिंतीवर एसीचा डबा दिसत नाही, आणि लिफ्टला जागाच नसते.

दुसऱ्या खेपेला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मजले मोजायची पद्धत सुदैवाने आपल्यासारखीच आहे, तळमजला वेगळा. गोल दगडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठडा एकाच बाजूला. पॅसेजमधला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. सासूबाई नेमक्या वळणावर असताना तो विझायचा. तीन दिवस मी त्यांच्यापुढे मोबाइलचा टॉर्च धरून चालले. खोलीत दोघांचा म्हणून जो पलंग असतो त्याची पारंपरिक रुंदी 140 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट सात इंच. सहा बाय सहाच्या गादीवर पसरायची सवय असलेल्यांनी दोन वेगळ्या खाटांची खोली मागावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चहाची किटली नसते हे गृहीत धरा. आणि न्हाणीघरातला मग? तो घरून न्या, कशासाठी ते आपल्या लोकांना सांगायला नको.

उन्हाळ्यात आणखी एक. तो भाग जुलै-ऑगस्टमध्ये चांगलाच तापतो, काही दिवशी पारा चाळिशीला टेकतो. खालच्या मजल्यांवर जाड दगडी भिंती आणि दिवसभर लावून घेतलेल्या लाकडी झडपा यांमुळे विदर्भातल्या जुन्या वाड्यासारखा गारवा राहतो. छपराखालची खोली मात्र भट्टी. स्वस्त मिळतेय म्हणून ती घेऊ नका.

आता जेवण, कारण सगळं तिथे येऊन ठरतं.

पहिल्या खेपेला बोर्दोहून गाडी घेऊन निघालो, वाटेत रेंगाळलो, आणि सव्वानऊला हॉटेलच्या दारात उभे राहिलो. दार बंद. दाराशेजारी पेटीत किल्ली आणि आमच्या नावाची चिठ्ठी. स्वयंपाकघर नऊला आटोपलं होतं आणि गावात दुसरं काही उघडं नव्हतं. खोलीत बसून भडंग खाल्लं. चूक आमचीच होती. तिथे रात्रीचं जेवण साधारण साडेसातला सुरू होतं आणि नऊच्या सुमारास शेवटची ऑर्डर. शिवाय अनेक ठिकाणी रविवारी रात्री आणि सोमवारी जेवणघर बंद, आणि नोव्हेंबर ते ईस्टर अख्खं हॉटेलच बंद. पुण्यात एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बघावं.

दुसऱ्या रात्री मात्र वेळेत खाली उतरलो, आणि अशा ठिकाणी यायचं कशाला ते कळलं. आदल्या पिढीतल्या आजीबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी पावट्याच्या शेंगा सोलत बसाव्यात तशा रुमालांच्या घड्या घालत होत्या. जेवणात आधी अक्रोड घातलेलं सॅलड, मग सेप जातीच्या रानअळिंब्यांचं ऑम्लेट, मग रोकामादूरची बकरीच्या दुधाच्या चीजची छोटी चकती, शेवटी अक्रोडाचाच केक. आमची वाइन अर्धी उरली. मालकीणबाईंनी बाटलीला बूच लावलं, लेबलावर पेन्सिलीने खोलीचा नंबर लिहिला आणि ती कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही बसायच्या आत ती टेबलावर हजर. एकाच ठिकाणी सलग दोन-तीन रात्री जेवल्याशिवाय हे मिळत नाही. खोली, न्याहारी आणि रात्रीचं जेवण असा एकत्र दर मागितला (त्याला ते दमी-पान्स्यों म्हणतात) तर सहसा स्वस्तही पडतं.

पण तुम्ही शाकाहारी असाल तर इथे थांबून विचार करा. पेरिगोर म्हणजे बदकाचा मुलूख. बदकाच्या चरबीत मांस शिजवून टिकवतात, तीच चरबी बटाट्यात, तीच लसणीच्या सूपमध्ये. सार्लाच्या नावाने ओळखले जाणारे लसूण-पार्स्लीचे खरपूस बटाटे बघून सासूबाई खूश झाल्या होत्या. ते कशात परततात हे विचारल्यावर ताटली माझ्याकडे सरकवली. ‘शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही. मांस नको, मासे नको, चरबी नको, मांसाच्या पाण्यातलं सूप नको, असं एकेक करून आधीच मेलवर लिहावं लागतं. त्या मंडळींनी मनापासून केलं, नाही असं नाही. पण तीन रात्रींत तिन्ही वेळा ऑम्लेटच. सासूबाई अंडं खातात म्हणून निभावलं. जैन किंवा कट्टर शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर जुनं हॉटेल फक्त बाहेरून बघा.

शांब्र दोतमध्ये जेवण असलंच तर घरच्यांबरोबर एकाच टेबलावर, सगळ्यांना एकच पदार्थ. फ्रेंच येत असेल तर याच्याइतकी मजा कशात नाही. आमचं फ्रेंच पुण्यातल्या आलियाँस फ्रान्सेझच्या पहिल्या दोन पातळ्यांपर्यंतचं. दीड तास हवामान आणि अक्रोड यांवर काढला. शिवाय घर त्यांचं, त्यामुळे आपण सतत पाहुण्यासारखे नीट बसतो. हॉटेलात कंटाळा आला तर खोलीत निघून जाता येतं, इथे ते अवघड.

झीतमध्ये मुगाची खिचडी. एवढ्या एका वाक्यात त्याची बाजू संपते, आणि म्हातारी माणसं नि मुलं बरोबर असताना ती बाजू फार भक्कम असते. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तिथून टोमॅटो, बीन्स, जर्दाळू आणायचे, कुकर मात्र घरून न्यायचा. गैरसोयी दोन. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवारच मिळतं. आणि चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात, म्हणून जाहिरातीतला आकडा खरा धरू नका.

पैशांचं आमच्या हिशेबाने असं पडलं, सप्टेंबरमधे: हॉटेलची दोघांची खोली साधारण शंभर युरो, न्याहारी माणशी बारा, रात्रीचं जेवण माणशी पस्तीस. म्हणजे दोघांना रात्रीचे दोनशेच्या जवळ. शांब्र दोत नव्वदला, न्याहारीसकट. झीत पाच जणांना आठवड्याला आठशे. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला रोजचा छोटा पर्यटन कर वेगळा. पाच जणांच्या कुटुंबाला हॉटेलात दोन-तीन खोल्या लागतात हे धरलं, तर झीतच्या पुढे ते कुठेच टिकत नाही. उलट दोघांनाच फिरायचं असेल तर झीतचा आठवडा वाया जातो.

ताऱ्यांवर जाऊ नका. फ्रान्समधले हॉटेलचे तारे खोलीचं क्षेत्रफळ, सोयी, सेवा अशा निकषांवर पाच वर्षांसाठी मिळतात. घराचं वय आणि सूपची चव त्यात बसत नाही. त्यापेक्षा मेनूकार्डावर झाकणाच्या जागी घराचं छप्पर असलेल्या भांड्याचं चिन्ह शोधा. पदार्थ तिथेच, कच्च्या मालापासून केलाय याची ती खूण, 2014 पासून सुरू झालेली. बुकिंग अ‍ॅपवर दर बघा आणि मग थेट हॉटेलला लिहा. 2015 च्या कायद्याने अ‍ॅपवाल्यांना ‘आमच्यापेक्षा कमी दर देऊ नका’ असं हॉटेलांना बजावता येत नाही, त्यामुळे थेट मेलवर अनेकदा काहीतरी सुटतं. व्हिसासाठी सगळ्यांची नावं असलेलं पत्रही त्याच मेलमध्ये मागून घ्या.

गाडी चालवणार नसाल तर मात्र सगळं गणित बदलतं. बोर्दोहून सार्लाला रेल्वे जाते, पुढे खेड्यांत बस क्वचितच. अशा वेळी सार्लातलंच एखादं जुनं हॉटेल घ्या. झीत आणि शांब्र दोत बहुतेक शेतांमधे असतात, दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते.

माझं मत विचाराल तर: दोघंच असाल, मांसाहार चालत असेल आणि गुडघे शाबूत असतील, तर तीन रात्री जुन्या हॉटेलात, जेवणासकट. एक रात्र नको, एका रात्रीत फक्त जिना दिसतो. घरातली वडीलधारी बरोबर असतील तर आठवडाभर झीत, आणि एका दुपारी सगळ्यांनी जुन्या हॉटेलात जेवायला जायचं. दुपारचा ठरलेला मेनू रात्रीपेक्षा स्वस्त असतो आणि जिना चढावा लागत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही उरलेला आठवडा असाच काढला.

आणि मेल लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट मागा: पहिला मजला, अंगणाच्या बाजूची खोली, चर्चच्या बाजूची नको. त्या भागातल्या काही चर्चची घड्याळं प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देतात, पहिल्यांदा मोजायचे राहिले तर पुन्हा मोजता यावेत म्हणून. पहाटे पाचला मी दोन्ही वेळा मोजले.