फुकटची बस सोडून घेतलेली मोटारसायकल: आठ महिने, ७,४०० किलोमीटर

जून २०२३ पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना कर्नाटकात साधी सरकारी बस फुकट आहे. त्यामुळं मी मोटारसायकल घ्यायची म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "फुकटचं सोडून पेट्रोलला पैसे घालायची हौस कशाला?" त्यांचंही बरोबरच होतं. गणेबैलजवळच्या आमच्या गावाहून बेळगावच्या उद्यमबागला जाऊन-येऊन ३४ किलोमीटर. फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालायचं, तिथून बस. मी मशीनशॉपमध्ये बिलं बघते. महिनाअखेरीला निघायला साडेसात वाजतात, आणि त्या वेळच्या बसमध्ये फुकट असलं तरी पाय ठेवायला जागा तर पाहिजे.

स्कूटर होती की. सहा वर्षं वापरली. पण तिचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची, आणि आमचा फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे पावसात तांबडा चिखल. छोटं चाक खड्ड्यातून बाहेर यायचं नावच घेत नाही. १८ इंची चाक तोच खड्डा सहज ओलांडतं.

शिकले पुतण्याच्या स्प्लेंडरवर, मार्चमध्ये, भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात. सगळे सांगतात की स्कूटर येत असेल तर मोटारसायकल सोपी. तोल येतो हे खरं, बाकी सहा वर्षांची सवयच आडवी येते. तिसऱ्या दिवशी बांधावरून कुत्रं आडवं आलं आणि मी स्कूटरसारखी दोन्ही हातांची बोटं आवळली. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो, इथं क्लच. इंजिन चाकापासून सुटलं, गाडी मोकळी झाली, आणि उजवा पाय ब्रेकवर असायला हवा होता तो जमीन शोधत हवेत. घाबरून पुढच्या ब्रेकवरचीही बोटं कधी सुटली कळलं नाही. सरळ पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीत. लागलं काही नाही. पुतण्या हसत म्हणाला, "काकू, क्लच धरलासा, खरं ब्रेक कुठं दाबलासा?" (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

त्यानंतर आठवडाभर एकच सराव केला. पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगानं जायचं, पुतण्या "थांब" ओरडला की उजवा पाय आणि उजवा हात आधी, क्लच अगदी शेवटी. गॅस न देता नुसता क्लच हळूहळू सोडून गाडी सरकवायची, हेही तिथंच जमलं. वेगात कुणीही चालवेल. रडवते ती वाटेवरच्या मच्छे गावच्या बाजारातली रांगती गर्दी. कच्चं लायसन्स काढून महिना झाल्यावर पक्क्याची परीक्षा दिली. आठचा आकडा काढताना कुणीतरी मागून "कालु केळगे इडबेडि" ओरडत होतं, म्हणजे पाय खाली टेकवू नका. टेकला नाही.

गाडी निवडताना सगळ्यांनी ॲव्हरेजच विचारलं. मी बघितलं ते दोन्ही पाय टेकतात का आणि क्लचपर्यंत बोटं पोचतात का. माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये नुसतं बसून कळत नाही, इंजिन बंद ठेवून गाडी चार पावलं मागं ढकलून बघा. १५० सीसीची इथंच बाद झाली. शिवाय तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरला चारही पुढं दाबून शिकलेला माझा पाय तिथं चुकायचा. शेवटी १२५ सीसी, पुढं डिस्क. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडंच जाते.

महाराष्ट्रातल्या शिनोळीचे दीर त्यांची एमएच-०९ पासिंगची गाडी स्वस्तात देत होते. मोह झाला. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नोंदणी बदलावी लागते, म्हणजे तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडचा टॅक्स आणि दोन्हीकडं हेलपाटे. आपली बेळगावची केए-२२ च बरी.

आता गाडीविषयी. पावसात चार महिने रोज चालवली. माझ्या १२५ ला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाही, सीबीएस आहे. पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. माझ्यासारख्या नवशिकीला हे वरदान वाटलं, फक्त चिखलात वळताना पाय हलका ठेवावा लागतो. ॲव्हरेज टाकी फुल करून मोजलं तर ५४ ते ५७. पाठीवर चिखलाची नक्षी उठते, मागचा मडगार्ड तोकडा आहे. पासष्टच्या पुढं पायाखाली थरथर जाणवते. साडीगार्ड आहे, तो मागं बसणाऱ्या बाईसाठी. पुढं बसून चालवणारी बाई असेल हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. ओढणी घरीच ठेवते.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर चेन करकरायला लागली. त्यांनी ती सतारीच्या तारेसारखी ताणली होती. मधोमध बोटानं वर-खाली केली की दोन-अडीच सेंटीमीटर हलली पाहिजे. तेव्हापासून चेन माझ्याकडं. पावसात दर आठवड्याला रॉकेलनं जुन्या टूथब्रशनं घासायची, पुसायची, नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडायचं. हे इंजिन बंद करून, चाक हातानं फिरवत, कारण चालू गाडीच्या चेनमध्ये बोट गेलेला एक हेल्पर आमच्याच शॉपमध्ये आहे. मेन स्टँडची भीतीही उगाच होती. हातानं ओढायची नाही, स्टँडच्या दांडीवर उजव्या पायानं अंगाचं वजन टाकायचं, गाडी आपोआप चढते.

खरी तक्रार हेडलाइटची. एलईडी पांढरा लख्ख दिसतो, पण उजेड लांब जात नाही. नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला. ट्रॉल्यांना मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. देसूरच्या पुढं एकदा मला आधी ऊस दिसला आणि मग ट्रॉली. ब्रेक लागला, पाय बरोबर होता. तरी घरी पोचेपर्यंत गुडघे कापत होते.

आता हंगाम संपेपर्यंत सातच्या पुढं उशीर झाला की गाडी शॉपमध्येच लावते आणि आधारकार्ड दाखवून बसनं येते. सासूबाई काही बोलत नाहीत. नुसत्या बघतात.